पुढच्या डाव्या चाकावरचा चावा

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांगातली उरलेली सात अंगं कमरेच्या दुखण्यामुळे सध्या रजेवर आहेत, तेव्हा तूर्त शिरावर भागवून घे.) आम्ही दोघं इकडे ठीक आहोत. तुझा उजवा गुडघा, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन, गच्चीतल्या कुंड्या आणि सूनबाईशी चाललेला पडद्यांच्या रंगाचा वाद, या सगळ्यांची प्रकृती सविस्तर कळव. माझं मागचं पत्र तू नेहमीप्रमाणे लाल शाईने तपासून परत पाठवलंस, ते मिळालं. दहापैकी साडेचार. त्याआधीच्या पत्राला चार होते, म्हणजे वयाच्या चौसष्टाव्या वर्षीही माझी प्रगती चालू आहे असं मी समजतो. शेवटी ‘मुद्द्यावर कधी येणार?’ असा शेरा मारून तू त्याखाली दोन रेघा ओढल्या आहेस. ताई, तू मुख्याध्यापिका होतीस, तुझ्या खोलीत आलेली मुलं भीतीपोटी थेट मुद्द्यावर यायची. मी पस्तीस वर्षं पोस्टात पार्सलच्या खिडकीमागे बसलो. माझ्यापुढे उभी राहणारी माणसं पार्सलात काय आहे ते सोडून बाकी सगळं सांगायची. तीच सवय मला लागली. या पत्रालाही मुद्दा आहे, अगदी लहानसा, एका सहीएवढा. तो त्याच्या जागी येईल.

पत्राला उशीर झाला, कारण माझा चष्मा चार दिवस दूधगाडी झाला होता. (माझी पत्रं हल्ली सूनबाईही वाचते असं कळलं, म्हणून तिच्यासाठी खुलासा. सूनबाई, तुझ्या सासूबाई दहा वर्षांच्या असताना गणितात पहिल्या आल्या, म्हणून आमच्या वडिलांनी त्यांना तळहातावर मावेल एवढी, लोखंडासारखी जड, निळी-पांढरी दुधाची गाडी आणून दिली होती. ती त्यांनी आठव्या दिवशी हरवली. तेव्हापासून आमच्या घरात निष्काळजीपणाने हरवलेल्या कुठल्याही वस्तूला ‘दूधगाडी झाली’ म्हणतात. तुझ्या सासूबाईंना हे बोलणं आवडत नाही.) चष्मा शेवटी फ्रिजमध्ये अंड्यांच्या शेजारी सापडला.

आता बातमी. ताई, मी जिंकलो. आमच्या जुन्या खेळण्यातल्या गाड्या जमवणाऱ्यांच्या मंडळाचं वार्षिक प्रदर्शन गेल्या रविवारी झालं, आणि त्यातल्या सर्वांत मानाच्या वर्गात तुझ्या धाकट्या भावाचा पहिला नंबर आला. उत्तेजनार्थ नाही, विभागून नाही, एकट्याचा पहिला. शाळेत मला जन्मात एकच बक्षीस मिळालं होतं, तेही हजेरीचं, आणि ते वाटलं त्या दिवशी मी गैरहजर होतो. हा सगळा अनुशेष एका झटक्यात भरून निघाला. ट्रॉफी हातभर उंच आहे, तिला दोन मोठे कान आहेत, आणि सध्या ती बाहेरच्या खोलीत पुस्तकांच्या कपाटावर अशी ठेवली आहे की दारातून येणाऱ्याला आधी ती दिसते आणि मग मी. आठवड्याभरात पेपरवाला, मीटर बघायला आलेला माणूस आणि चुकून आमची बेल वाजवलेले खालच्या मजल्यावरचे पाहुणे, एवढ्यांनी तिचं दर्शन घेतलं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं आहे, ते डॉक्टरांनी वजनकाट्यावर ओळखलंसुद्धा.

हा वर्ग काय आहे ते तुला समजून घ्यायला हवं, नाहीतर तू म्हणशील, म्हातारे जमून खेळण्यांना बक्षिसं देतात. (देतात. पण नियमाने देतात.) बाकीच्या वर्गांत कोणीही विकत घेतलेली गाडी मांडू शकतो. ज्याच्याकडे वेळ आणि चिकाटी आहे तो दहा शहरं पालथी घालून दुर्मिळ माल आणतो. ‘एकहाती’ वर्गात मात्र गाडी मांडायची ती मालकाच्या लहानपणापासून त्याच्याकडेच असलेली. रंग मूळचा, चाकं मूळची, बुडाचे रिबिट, म्हणजे तळ जोडणारे खिळे, कधी न उघडलेले, आणि मधे दुसरा हात लागलेला नाही. साठीच्या माणसांकडे लहानपणची अशी वस्तू क्वचितच उरते. कुणाच्या आईने भंगारात दिलेली असते, कुणाच्या भावाने विहिरीत टाकलेली असते. म्हणून या वर्गात दरवर्षी जेमतेम चार-पाच गाड्या येतात, आणि जी जिंकते ती वाचनालयाच्या काचेच्या कपाटात मधल्या कप्प्यात वर्षभर उभी राहते, खाली मालकाच्या नावाची पितळी पट्टी. गेली नऊ वर्षं तिथे आमच्या अध्यक्षांची लाल शर्यतीची गाडी उभी होती. मी नऊ वर्षं तिच्यापुढून पुस्तक बदलायला जात होतो.

अध्यक्ष म्हणजे दातांचे डॉक्टर. मंडळात त्यांना मागे सगळे अक्कलदाढ म्हणतात, कारण ते उशिरा येतात आणि आले की त्रास देतात. माणूस वाईट नाही. पण गाडीला हात लावण्याआधी पांढरे हातमोजे घालतो, आणि दुसऱ्याच्या गाडीला हात लावल्यावर ते मोजे नीट निरखून बघतो. शिवाय शहरात दातांचे दुसरे डॉक्टर मला परवडणाऱ्या अंतरावर नाहीत, त्यामुळे आमचं वैर हे एकतर्फी राहतं. मागच्या वर्षी माझी दाढ भरायला घेतली तेव्हा माझ्या तोंडात कापूस, एक नळी आणि त्यांची दोन बोटं होती, आणि नेमक्या त्याच वेळी त्यांनी माझ्या संग्रहाविषयी मत दिलं. म्हणाले, संग्रह हौशी आहे, संख्या बरी आहे, पण त्यात एकही गाडी अशी नाही की जिच्यासाठी माणूस थांबेल. मी जोरदार हरकत घेतली, ती ‘आँ’ अशी ऐकू आली. पुढच्या बैठकीत त्यांनी सर्वांना सांगितलं की हे मत खुद्द माझंही आहे.

संख्या बरी म्हणजे एकशे त्रेचाळीस. तुझ्या भावजयीच्या मते एकशे त्रेचाळीस वेळा केलेली एकच चूक. निवृत्त झालो त्या आठवड्यात तिनेच सांगितलं होतं की काहीतरी छंद लावून घ्या आणि स्वयंपाकघरातून बाहेर निघा. आता अंथरूण-पांघरुणाचं कपाट गाड्यांनी भरलं आणि पांघरुणं स्वयंपाकघरात गेली, तेव्हा ती म्हणते की त्यापेक्षा तुम्ही परवडला असतात. पण ताई, या गाड्या सांभाळणं म्हणजे पोरखेळ नाही. ऊन लागलं की रंग उडतो. ओल लागली की पांढरी बुरशी धरते. चाकाचं रबर प्लॅस्टिकला टेकलं की दोन वर्षांत चिकटून एकजीव होतं. आणि काही गाड्यांच्या धातूतच मुळात रोग असतो, बाहेरून ठणठणीत दिसणारी लॉरी एका सकाळी आपोआप मधोमध तडकते. अशा दोन लॉऱ्या माझ्या डोळ्यांदेखत गेल्या. मी काही करू शकलो नाही.

ओलीवर उपाय म्हणजे नव्या चपलांच्या खोक्यात असतात त्या खड्यांच्या पुड्या. मी चपलांच्या दुकानात जाऊन नम्रपणे म्हटलं की मला चपला नकोत, नुसत्या पुड्या द्या. दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं की मी ओशाळून एक जोड घेतला. पुढच्या महिन्यात पुन्हा गेलो, पुन्हा ओशाळलो. असे चार जोड झाले. आता तो मला लांबून बघूनच दार उघडतो आणि ‘सरांचं माप काढा’ म्हणून आत ओरडतो. गाड्या कोरड्या आहेत. चपला जोड्याच्या कपाटात मागे पडून आहेत, कारण एकही माझ्या पायाला होत नाही. (मी पुड्यांचं वजन बघून जोड निवडत होतो.)

आणि मग मेहुणीचं प्रकरण. तुझ्या भावजयीची धाकटी बहीण चार दिवस राहायला आली होती. मनाने सोन्यासारखी बाई. आम्ही दोघं बाजारात गेलो असताना तिने विचार केला की भावोजींच्या एवढ्या गाड्या धुळीने माखल्यात, आपण जरा उपकार करावा. वरच्या फळीवरच्या अकरा गाड्या काढून तिने भांड्यांच्या साबणाने घासल्या, काथ्याने, आणि टॉवेलवर ओळीने उन्हात वाळत घातल्या. या गाड्यांवरची अक्षरं आणि चित्रं ही पाण्यानेच चिकटवलेली असतात, आणि पाण्यानेच सुटतात. मी घरी आलो तेव्हा रुग्णवाहिकेवरचा क्रॉस मोरीच्या जाळीत अडकला होता. टॅक्सीची टॅक्सी राहिली नव्हती. पोलीसगाडी निवृत्त झाल्यासारखी दिसत होती. दोन दिवस माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, आणि मेहुणी जाताना बहिणीला म्हणाली की भावोजी किती हळवे आहेत, आभार मानायलाही त्यांना जमलं नाही. तुला हसू येत असेल. हस. पण आमच्या जगात टवके उडालेली गाडी मानाची आणि घासून चकाचक केलेली किंवा नवा रंग दिलेली गाडी मेलेली, हे एकदा ध्यानात घे, कारण पुढच्या गोष्टीला ते लागणार आहे.

तर या वर्षी मी ठरवलं की एकहाती वर्गात उतरायचं. माझ्याकडे लहानपणची एक गाडी आहे. (कुठली ते मधेच विचारू नकोस, वाचत राहा.) ती मी कुणाला दाखवली नव्हती, मंडळातही नाही. एका लोकरी मोज्यात घालून ठेवली होती, आणि त्या मोज्यासकट ती आधी वसतिगृहाच्या ट्रंकेत, मग पोस्टात माझ्या टेबलाच्या खालच्या खणात आणि लग्नानंतर हिवाळी कपड्यांच्या पेटीत राहिली. ऊन नाही, ओल नाही, धूळ नाही. प्रदर्शनाच्या सकाळी मी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये गेलो, टेबलावर रुमाल पसरला, मोजा उलटा केला आणि गाडी बाहेर काढली. ताई, हॉलमध्ये पन्नास माणसं होती आणि हळूहळू सगळी माझ्या टेबलापाशी आली. जिच्यासाठी माणूस थांबेल अशी गाडी. रंग असा की काल दुकानातून आणली. मागचं दार उघडत होतं आणि मिटताना बारीक टक् आवाज करत होतं. आमच्यातला एक शिंपी आहे, तो गाड्यांना मखमलीची आवरणं शिवतो, त्याने नुसता तो टक् आवाज ऐकला आणि खुर्ची ओढून बसला.

अक्कलदाढ शेवटी आले. आले, हातमोजे चढवले, आणि पाच मिनिटं गाडी सगळ्या बाजूंनी निरखली. मग परीक्षकांकडे वळून हरकत नोंदवली. परीक्षक म्हणजे वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई, गाड्यांतलं त्यांना काही कळत नाही आणि नियमांतलं सगळं कळतं, म्हणून दहा वर्षं त्यांनाच बोलावतात. डॉक्टरांचं म्हणणं असं की साठ वर्षांची गाडी इतकी नवी असूच शकत नाही. एकतर रंग नवा किंवा चाकं नवी. रंग त्यांनी भिंगाखाली तपासला, तो मूळचा निघाला, तसं त्यांनी स्वतःच सांगितलं. उरली चाकं. आता चाकांच्या बाबतीत डॉक्टरांचा शब्द शेवटचा, कारण कवळीचा साचा घ्यायच्या रबरातून ते स्वतः गाड्यांची नवी चाकं पाडतात आणि ती दुरुस्तीच्या वर्गात मांडतात. अर्ध्या मंडळाच्या गाड्या त्यांच्या दवाखान्यातल्या रबरावर धावतात. त्यांनी गाडी उलटी धरली, एकेक चाक नखाने फिरवलं, आणि पुढच्या डाव्या चाकापाशी थांबले.

त्या चाकावर चावा आहे. मला तो माहीत होता, पण त्या गडबडीत मी विसरलो होतो, आणि तो नेमका आता आठवला. चावलेलं चाक म्हणजे खराब चाक, गेले गुण. डॉक्टर गाडी खिडकीपाशी घेऊन गेले. खिशातून त्यांचा तो काडीवरचा छोटा आरसा काढला. मग त्यांचा चेहरा बदलला. ताई, मी त्यांच्या खुर्चीत तोंड उघडून वीसेक वेळा तरी पडलो असेन, पण त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. ते अध्यक्ष राहिले नाहीत, स्पर्धक राहिले नाहीत, निव्वळ दातांचे डॉक्टर झाले.

“हे दुधाचे दात आहेत,” ते म्हणाले. “वरून दोन खाचा, खालून एकच. खालचा एक पडलाय. मूल सहा वर्षांचं असणार. आणि खाचांच्या कडेने रबर तडकलंय बघा. हा चावा चाक मऊ असतानाचा आहे, म्हणजे चाकाइतकाच जुना.” मग त्यांनी हातमोजे काढले, जे मी याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि उघड्या हाताने गाडी माझ्या रुमालावर परत ठेवली. “चाकं अस्सल आहेत. माझी हरकत मागे.”

म्हणजे स्वतःची नऊ वर्षांची गादी त्या माणसाने स्वतःच्या विद्येपायी स्वतःच्या तोंडाने सोडली. मी त्यांच्याविषयी वर जे लिहिलं त्यातलं अर्धं मागे घेतो. (उशिरा येण्याबद्दलचं तसंच राहू दे.) शिंप्याने टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग सगळ्यांनी वाजवल्या. मला तोंड उघडून दाखवायचा आग्रह झाला, मी दाखवलं, माझे दात आता त्यातले कुठलेच नाहीत तरी लोकांनी वाकून वाकून पाहिलं. ग्रंथपाल बाईंनी निकाल लिहिण्याआधी एकच प्रश्न विचारला.

“तुम्ही हिच्याशी कधी खेळला नाहीत?”

“नाही,” मी म्हणालो. “एकदाही नाही.”

बाईंनी ते वहीत उतरवून घेतलं आणि म्हणाल्या की इतकी जपणूक त्यांनी पुस्तकांच्याही बाबतीत पाहिलेली नाही. सगळ्या हॉलमध्ये माझं कौतुक झालं. डॉक्टरांनी लाल गाडी मधल्या कप्प्यातून स्वतः काढून खिशात घातली आणि माझ्याशी हात मिळवला. परतताना बसमध्ये ट्रॉफी माझ्या मांडीवर होती, समोरच्या बाईंनी विचारलं की शर्यत कसली होती, आणि मी म्हटलं, सहनशक्तीची. प्रदर्शनाला तुझी भावजयही सोबत आली होती. उतरल्यावर म्हणाली, ही गाडी इतक्या वर्षांत मला कशी दाखवली नाहीत. मी बसच्या गर्दीविषयी काहीतरी बोललो.

असो. एकंदरीत आयुष्यात प्रथमच आपण काहीतरी मिळवलं असं वाटतंय. बाकी सगळं क्षेम. सूनबाईला आशीर्वाद, पडद्यांच्या बाबतीत माझं मत तिच्या बाजूने (हे वाक्य तिला मोठ्याने वाचून दाखव). पत्र चुकांसकट पदरात घे.

तुझा धाकटा,
मधल्या कप्प्याचा नवा मानकरी

ता. क. – मुद्दा राहिलाच. सोबत एक छापील फॉर्म जोडला आहे. एकहाती वर्गात जिंकणाऱ्याला घरातल्या हयात असलेल्या सर्वांत वडील व्यक्तीची सही लागते, आणि ती आता तूच आहेस. महिनाअखेरपर्यंत फॉर्म पोचला नाही तर निकाल रद्द होतो. तोवर मधला कप्पा रिकामा ठेवलाय. फॉर्मवर एवढंच आहे की ‘वरील गाडी प्रदर्शकास बालपणी आईवडिलांकडून अथवा वडीलधाऱ्या व्यक्तीकडून मिळाली असून तेव्हापासून ती सलग त्याच्याकडे आहे.’ जिथे पेन्सिलीने फुली केली आहे तिथे सही कर. बाकीचं वाचत बसून ऑपरेशन झालेल्या डोळ्याला ताण देऊ नकोस. तिसऱ्या रकान्यात, गाडीचं वर्णन लिहायचं तिथे, शाई सांडली आहे, त्याकडे दुर्लक्ष कर.

ता. क. २ – शाई सांडलेली नाही. मी सांडली. तिथे लिहिलंय, ‘दुधाची गाडी, निळी-पांढरी, मागचं दार उघडणारं.’

ताई, ती तू हरवली नव्हतीस. वडिलांनी तुला गाडी दिली त्या दिवशी मला एक रबरी चेंडू मिळाला, आणि मला चेंडू नको होता. तू गाडी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचीस आणि संध्याकाळी मला दहा मिनिटं लांबून बघू द्यायचीस, हात मागे बांधून. (मुख्याध्यापिका तू तेव्हाच होतीस.) पहिल्या दिवशी मी हात मागेच ठेवून पुढे वाकलो आणि चाकाला चावलो. तू कानाखाली दिलीस, ते तुला आठवत असेल. आठव्या दिवशी मी गाडी उचलली आणि माझ्या मोज्यात लपवली, फक्त एका दिवसासाठी, तुला घाबरवायला. दुसऱ्या दिवशी तू रडत होतीस आणि मला मजा वाटली. तिसऱ्या दिवशी आई मोरीच्या खड्ड्यात हात घालून शोधत होती. चौथ्या दिवशी वडील म्हणाले, “हिच्या हातात काही टिकायचं नाही,” आणि मग ती बाहेर काढायची माझी हिंमत झाली नाही. तो चौथा दिवस अजून संपलेला नाही.

त्यानंतर तुला घरात कधी खेळणं आलं नाही. कंपास आला, शब्दकोश आला. तू सगळं मोजून ठेवायला लागलीस, कुलपं लावायला लागलीस, किल्ल्यांचा जुडगा कमरेला आला तो अजून तिथे आहे. आणि मी? तुझ्या मुलाच्या लग्नात तुझी पर्स सापडेना तेव्हा ‘दूधगाडी झाली’ म्हणून सगळ्यांत मोठ्याने हसणारा मीच होतो. एकदाही खेळलो नाही हे मी ग्रंथपाल बाईंना सांगितलं ते अगदी खरं आहे. घरात खेळणार कसा? तू समोर असायचीस. मला फार लाज वाटते, ताई. अठ्ठावन्न वर्षं वाटते आहे. (सूनबाई, सुरुवातीचा खुलासा खोडून टाक.)

ता. क. ३ – गाडी आजच्या पार्सलने तुझ्याकडे येते आहे. पार्सलवर ‘नाजूक’ असं लिहिलेलं नाही, कारण ‘नाजूक’ लिहिलेली पार्सलं आम्ही खिडकीमागे जरा जास्त उंचावरून टाकायचो. बाहेर ‘जुने मोजे’ असं लिहिलंय. पस्तीस वर्षांत जुन्या मोज्यांना कुणी हात लावल्याचं मी पाहिलं नाही, आणि ते खोटंही नाही, गाडी त्याच मोज्यात आहे. उन्हात ठेवू नकोस. पाणी लावू नकोस. धूळ बसली तर कोरड्या ब्रशने, रंगाच्या, दातांच्या नव्हे.

फॉर्मवर ‘वडीलधाऱ्या व्यक्तीकडून मिळाली’ असं आहे. तू माझ्याहून चार वर्षांनी मोठी. ती तू मला दिली होतीस असं लिहून सही केलीस, तर ते खोटं होणार नाही, अठ्ठावन्न वर्षं उशिरा खरं होईल. सही लाल शाईने केलीस तरी चालेल. तुला द्यायची नसेल तर काही पाठवू नकोस. मधला कप्पा रिकामा राहील आणि मी डॉक्टरांना जाऊन खरं काय ते सांगेन. गाडी तुझीच आहे.

ता. क. ४ – वन्सं, नमस्कार. हे तिकिटं आणायला गेलेत तेवढ्यात मी दोन ओळी लिहिते. ट्रॉफी पुस्तकांच्या कपाटावर वगैरे नाही. प्रदर्शनातून आले त्याच दिवशी यांनी ती जोड्याच्या कपाटात त्या चार जोड चपलांच्या मागे ढकलली, कोणीही पाहिलेली नाही. वजन वाढलेलं नाही, अडीच किलो उतरलंय. तो एकटा मोजा मी छत्तीस वर्षांत तीनदा फेकायला काढला होता, तिन्ही वेळा हे धावत आले, मला वाटायचं त्यात काही औषधबिवषध असेल. पार्सल यांनी तीनदा बांधलं आणि तीनदा सोडलं, म्हणून सकाळी मीच पोस्टात देऊन आले. सही करा किंवा करू नका, ते तुम्ही बहीणभाऊ बघून घ्या. पण गाडी परत पाठवायची घाई करू नका. आधी चार दिवस खेळून घ्या.